खुणा लपवणारा डेंग्यू

२०१३ साली जर्मनीत एका दात्याने रक्तातल्या मूळपेशी दान केल्या. त्या ज्याला द्यायच्या होत्या तो रुग्ण तीव्र स्वरूपाच्या रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होता. दाता नुकताच श्रीलंकेचा प्रवास करून परतला होता. दान होऊन तीन दिवस झाले तेव्हा दात्याच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू सापडला. तोवर त्या पेशी रुग्णाच्या शरीरात जाऊन पोचल्या होत्या. प्रत्यारोपणानंतर नवव्या दिवशी रुग्ण दगावला. विषाणू दात्याकडूनच आला होता, हे पुढे तपासण्यांतून सिद्ध झाले.

जर्मनीतल्या डॉक्टरांना डेंग्यू सहसा दिसत नाही. आपल्याकडे जून ते नोव्हेंबर या काळात तो घराघरात असतो. २०२३ साली भारतात डेंग्यूच्या सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची अधिकृत नोंद झाली. हा आकडा तपासणी होऊन सरकारी वहीत पोचलेल्यांचा आहे. खरा आकडा याहून कितीतरी मोठा असणार. याच शहरांत आणि याच गल्ल्यांत मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेली माणसे राहतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस घरी काढणारे रुग्ण राहतात. ल्युपस किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणाऱ्या बायका राहतात, एचआयव्हीसह जगणारे लोक राहतात. डास यांना वगळून चावत नाही.

या रुग्णांच्या बाबतीत लोकांची समजूत सरळ असते: प्रतिकारशक्ती कमी, म्हणून डेंग्यू जास्त होणार आणि जास्त भयंकर होणार. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच खरा धोका आहे. ताप, अंगावरचे लालसर पुरळ, रक्तात दिसणारी प्रतिपिंडे या ज्या खुणांवरून आपण डेंग्यू ओळखतो, त्यांतल्या बऱ्याच विषाणू स्वतः घडवत नाही. विषाणूला तोंड देताना आपले शरीर त्या घडवते. औषधांनी शरीराची ही हालचालच मंद केली असेल तर आजार आत पुढे सरकत राहतो आणि बाहेर खुणा उमटत नाहीत, किंवा उशिरा आणि अर्धवट उमटतात. म्हणून अशा माणसात डेंग्यू नेहमी जास्त तीव्र असतोच असे नाही, पण तो ओळखायला नेहमीच जास्त अवघड असतो.

आधी निरोगी माणसात काय होते ते पाहू. एडिस इजिप्ती जातीची मादी चावली की साधारण ४ ते १० दिवसांत आजार सुरू होतो. पहिले काही दिवस सणसणून ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, हाडे मोडल्यासारखे अंग दुखणे. या काळात विषाणू रक्तात मुबलक असतो. मग ताप उतरतो. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांत धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतो. उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. डेंग्यूने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या गळतीमुळे. आपल्याकडे सगळी चर्चा प्लेटलेटच्या आकड्याभोवती फिरते आणि गळतीकडे दुर्लक्ष होते, हे दुर्दैव आहे.

ही गळती होते कशामुळे? वैद्यकाने याचे उत्तर शोधण्यात अर्धे शतक घालवले आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण पुढे वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात, त्याला निकामी मात्र करू शकत नाहीत, आणि उलट त्याला पेशींच्या आत शिरायला मदत करतात. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकी संशोधकाने बँकॉकमधल्या मुलांच्या अभ्यासातून हा विचार पुढे आणला. क्यूबाने त्याचा फार दुःखद पुरावा दिला. तिथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि ती सौम्य होती. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची साथ आली तेव्हा ३ लाख ४४ हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि १५८ दगावले. त्याहून बोलका प्रसंग १९९७ चा. सांतियागो दे क्यूबा या शहरात दुसरा प्रकार पुन्हा अवतरला, आणि रक्तस्रावी डेंग्यू झाला तो प्रौढांना. पहिल्या साथीनंतर जन्मलेली मुले त्यातून सुटली. पहिल्या लागणीची आठवण शरीराने वीस वर्षे जपून ठेवली होती आणि तीच घातक ठरली.

यावरून एक प्रश्न साहजिक उभा राहतो, आणि तो अनेक प्रत्यारोपित रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारलेलाही असेल. डेंग्यूची तीव्रता जर शरीराच्याच अतिरेकी प्रतिक्रियेतून येते, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याला उलट संरक्षण मिळायला नको का?

प्रश्न तर्काला धरून आहे आणि त्याची परीक्षाही झाली आहे. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या २२५ मुलांना व तरुणांना प्रेडनिसोलोन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देऊन तुलना केली गेली. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. स्टिरॉइडने शॉक टळला नाही, रक्तस्राव टळला नाही. म्हणजे प्रतिकारशक्तीला थोडे आवरले की गळती थांबते, इतके हे गणित सोपे नाही. त्यानंतर २०१५ साली आणखी एक दुवा हाती आला. एनएस-१ नावाचे विषाणूचे प्रथिन, ज्याची तपासणी आपण पहिल्या दिवसांत करतो, ते स्वतःच रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आघात करून ते सैल करू शकते, असे प्रयोगांत दिसले. प्रतिकारशक्ती झोपलेली असली तरी विषाणू वाढत राहिला आणि हे प्रथिन ओतत राहिला, तर गळतीची सोय होतेच.

शिवाय प्रतिकारशक्ती दाबली जाते म्हणजे ती सगळी सारखी दाबली जाते असे नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखी औषधे प्रामुख्याने टी-पेशींना रोखतात. जुनी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या, अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसलेल्या पेशी बऱ्याच अंशी आपले काम चालू ठेवतात. विशीत डेंग्यू होऊन गेलेल्या आणि चाळिशीत मूत्रपिंड बदललेल्या माणसाकडे मग मदत करणारा भाग दुबळा आणि घात करू शकणारा भाग शाबूत, अशी अवस्था येऊ शकते. म्हणून ‘माझी प्रतिकारशक्ती औषधांनी कमी आहे, मला तीव्र डेंग्यू होणार नाही’ या भरवशावर कोणी राहू नये.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? ब्राझीलमध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या २७ डेंग्यूरुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी बहुतेकांचा आजार सर्वसामान्य रुग्णांसारखाच गेला. भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या काही रुग्णालयांचे अनुभव याहून कठोर आहेत. तिथे मृत्यूही अधिक झाले आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडाचे काम काही काळ मंदावलेले दिसले. दोन्ही खरे असू शकते. हे अभ्यास लहान आहेत, आणि रुग्णालयात पोचतो तो रुग्ण मुळातच जास्त आजारी असतो. एचआयव्हीच्या बाबतीत चित्र थोडे दिलासादायक आहे. नियमित औषधे घेऊन सीडी-४ पेशी चांगल्या राखलेल्या लोकांत डेंग्यू साधारण इतरांसारखाच जातो. आजारात त्यांचा सीडी-४ चा आकडा तात्पुरता खाली येऊ शकतो, आणि त्या एका आकड्यावरून घाबरून जाण्याचे कारण नसते. सर्वांत काळजीचे रुग्ण म्हणजे केमोथेरपीमुळे अस्थिमज्जा थंडावलेले आणि मूळपेशींचे प्रत्यारोपण नुकतेच झालेले.

आता खुणांकडे वळू. इथेच रुग्ण आणि घरच्यांनी सर्वाधिक सावध राहायला हवे.

पहिली खूण ताप. ताप हा शरीराच्या बचावपेशींनी सोडलेल्या रसायनांचा मेंदूवर होणारा परिणाम आहे, आणि स्टिरॉइड नेमकी ती रसायनेच कमी करते. रोज प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माणसाला डेंग्यूत ९९ वर अडकलेली कणकण येईल, किंवा तेवढीही येणार नाही. नुसता थकवा, भूक मेलेली, पाठ आणि पिंढऱ्या दुखताहेत, एवढेच. ‘ताप नाही ना, मग औषधांचाच त्रास असेल’ असे म्हणून दोन-तीन दिवस निघून जातात. आणखी एक अडचण अशी की ताप उतरणे हीच धोक्याच्या टप्प्याची घंटा असते. मुळात ताप आलाच नसेल तर ही घंटा वाजणार कधी? म्हणून अशा रुग्णात दिवस मोजायचे ते पहिल्या अस्वस्थतेपासून. मंगळवारी अंग दुखू लागले तर मंगळवार हा पहिला दिवस, थर्मामीटर काहीही म्हणो.

दुसरी खूण तपासणीतली. डेंग्यू सिद्ध करण्याच्या आपल्याकडच्या दोन प्रमुख वाटा: सुरुवातीच्या दिवसांत एनएस-१ आणि साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडे. राष्ट्रीय कार्यक्रमात वापरले जाणारे आयजीएमचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होऊन देशभरच्या केंद्रांना जातात, आणि निरोगी माणसात ही तपासणी चांगली उपयोगी पडते. पण आयजीएम शरीराने बनवायचे असते. ज्याच्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीच रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने सहा-सहा महिने गायब केलेल्या आहेत, किंवा ज्याची मज्जा केमोने थंड आहे, त्याच्या रक्तात ते उशिरा येईल, कमी येईल किंवा येणारच नाही. अशा माणसाचा ‘आयजीएम निगेटिव्ह’ हा रिपोर्ट डेंग्यू नसल्याचा दाखला मानता येत नाही. त्याच्यासाठी एनएस-१ आणि विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी आरटी-पीसीआर तपासणी जास्त भरवशाची. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांत एनएस-१ देखील लवकर दिसेनासे होऊ शकते. तेव्हा शंका दाट असेल तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नये, पुन्हा रक्त द्यावे.

याला एक उलट बाजूही आहे. निरोगी माणसाच्या रक्तातून विषाणू आठवड्याभरात नाहीसा होतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्यांत तो कित्येक आठवडे रेंगाळल्याच्या नोंदी आहेत. त्या काळात डास चावला तर विषाणू त्याच्याकडे जाऊ शकतो. म्हणून असा रुग्ण बरा होऊन घरी आला तरी त्याने मच्छरदाणीत झोपावे. ही काळजी त्याच्यासाठी आहे, तितकीच घरातल्या इतरांसाठीही.

तिसरी खूण रक्ताच्या आकड्यांची, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी घटतात, प्लेटलेट घटतात, आणि गळती सुरू झाली की हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण चढते. पण मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी एरवीही कमीच असतात. केमोच्या रुग्णाच्या प्लेटलेट एरवीही खाली असतात. हिमॅटोक्रिटची गोष्ट तर फारच फसवी. समजा, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका गृहस्थांचे रक्त नेहमीच थोडे कमी असते आणि त्यांचे हिमॅटोक्रिट ३० असते. डेंग्यूच्या पाचव्या दिवशी ते ३६ आले. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर पुरुषांसाठी ४० च्या आसपासपासून पुढे सामान्य मानलेले असते, त्यामुळे ३६ समोर ‘कमी’ अशी खूण येईल आणि पाहणारा फार तर रक्तवाढीची गोळी सुचवेल. प्रत्यक्षात ३० वरून ३६ म्हणजे २० टक्के वाढ आहे, आणि डेंग्यूत २० टक्के वाढ ही लक्षणीय गळतीची मान्य कसोटी आहे. तो माणूस शॉकच्या उंबरठ्यावर उभा असू शकतो आणि कागद म्हणतो आहे रक्त कमी आहे.

म्हणून या रुग्णांनी कागदावरच्या छापील मर्यादांशी स्वतःची तुलना करून चालत नाही; स्वतःच्याच नेहमीच्या आकड्यांशी करावी लागते. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, बरे असताना केलेला एक सीबीसी आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर हा कागद जितके बोलेल तितके घाबरलेले नातेवाईक बोलू शकणार नाहीत.

खुणा इतक्या फसव्या असताना विसंबायचे कशावर? सतत पोट दुखणे, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळे शौच, श्वासाला त्रास, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, माणूस सुस्त होणे किंवा विनाकारण तगमग करणे. ही लक्षणे गळतीची आणि रक्तस्रावाची आहेत. औषधांनी ताप झाकला तरी ही सहसा झाकली जात नाहीत. यांतले एकही दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये.

केमोथेरपीच्या रुग्णांसाठी एक गोष्ट वेगळी आणि ठळकपणे सांगायला हवी. त्यांच्या पांढऱ्या पेशी खूप खाली असताना १००.४ अंशांचा ताप टिकून राहणे हीच स्वतः एक आणीबाणी असते. साथ चालू आहे, शेजारी दोघांना डेंग्यू आहे, मग यालाही तोच असेल, असे म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस ढकलणे जिवावर बेतू शकते. तो जिवाणूंचा रक्तातला संसर्ग असू शकतो, आणि त्यात प्रतिजैविक पहिल्या तासाभरात सुरू व्हावे लागते. डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी जिवाणूंचा संसर्ग सोबत असू शकतो. आपल्या पावसाळ्यात मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसही याच रांगेत उभे असतात. एक निदान सापडले म्हणून शोध थांबवण्याची चैन या रुग्णांना परवडत नाही.

उपचारांत सर्वांत नाजूक प्रश्न नेहमीच्या गोळ्यांचा. डेंग्यू म्हटल्यावर कोणीतरी हमखास सल्ला देतो, ‘त्या प्रतिकारशक्ती मारणाऱ्या गोळ्या आधी बंद करा.’ हा सल्ला ऐकू नका. स्टिरॉइड काही आठवडे घेतले की आपल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवणे जवळजवळ सोडून देतात. अशा वेळी गोळी एकाएकी थांबली, किंवा उलटीतून पडून गेली, तर रक्तदाब कोसळतो. हा कोसळणारा रक्तदाब डेंग्यूच्या शॉकसारखाच दिसतो आणि सलाइनने तो भागत नाही. त्याला स्टिरॉइडचे इंजेक्शन लागते. डेंग्यूवर उपचार म्हणून स्टिरॉइड देऊ नये आणि आधीपासून चालू असलेले स्टिरॉइड अचानक थांबवू नये, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. प्रत्यारोपणाच्या रुग्णात गोळ्या मनाने सोडल्या तर शरीर नवा अवयव नाकारू लागण्याचा धोका आहे. मायकोफेनोलेट काही दिवस कमी करायचे का, टॅक्रोलिमस तेवढेच ठेवायचे का, हे त्याच्या प्रत्यारोपण तज्ज्ञाने ठरवायचे. जुलाब झाले तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते आणि ते मूत्रपिंडालाच त्रास देते. म्हणून आजारपणात त्याची लेव्हल पुन्हा तपासावी लागते. क्रिएटिनिन वाढले तर ते पाणी कमी पडल्यामुळे, औषधामुळे, डेंग्यूमुळे की नकारामुळे, याचा उलगडा करणे अनुभवी डॉक्टरांनाही सोपे नसते.

सलाइनचेही तसेच. निरोगी तरुणाला थोडे जास्त सलाइन गेले तर तो लघवीवाटे काढून टाकतो. अर्ध्या क्षमतेने चालणाऱ्या मूत्रपिंडाला ते जमत नाही. गळतीचा टप्पा संपला की बाहेर गेलेला द्रव पुन्हा रक्तात परततो, आणि आधी सढळ हाताने दिलेले सलाइन फुप्फुसांत साठते. या रुग्णांना म्हणूनच घरी सलाइन लावून घेण्याचा हट्ट करू नये. दर काही तासांनी हिमॅटोक्रिट आणि लघवी मोजून द्रवाचे प्रमाण ठरवता येईल अशीच जागा त्यांना हवी.

प्लेटलेटबद्दल थोडे. सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली गेलेल्या, पण रक्तस्राव होत नसलेल्या प्रौढ डेंग्यूरुग्णांना प्लेटलेट चढवून फायदा झाला नाही. एरवी निरोगी माणसात मज्जा स्वतःच दोन-तीन दिवसांत आकडा वर आणते. केमोच्या रुग्णाची मज्जा तेवढ्या झपाट्याने उठत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कर्करोगतज्ज्ञ आपली नेहमीची मर्यादा, साधारण १० हजारांची, पाळतात. दोन रुग्णांचा आकडा सारखा असूनही उपचार वेगळे असतील. शेजारच्या खाटेवरच्याला बाटली लागली म्हणून आपल्याला का नाही, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांना हात लावू नका; ती रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडाला मारक ठरतात. स्नायूत इंजेक्शन घेऊ नका. घरगुती उपायांबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. पपईच्या पानांचा रस अशा रुग्णांत पुरेसा तपासला गेलेला नाही, आणि त्याने उलटी झाली तर पोटातली जीवनावश्यक गोळीही बाहेर जाते. गुळवेल प्रतिकारशक्ती ‘वाढवते’ म्हणून घेतली जाते, पण ल्युपसच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णात प्रतिकारशक्ती चाळवणे हेच तर टाळायचे असते. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी ज्यांचा जीव गोळ्यांच्या नेमक्या मात्रेवर टांगलेला आहे त्यांनी हा प्रयोग स्वतःवर करू नये. भाद्रपदात बाजारात येणारा पपनसही टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी टाळावा. तो औषधाची पातळी वाढवू शकतो.

लस हा पर्याय या लोकांसाठी सध्या नाही. जगात आजवर वापरात आलेल्या डेंग्यूच्या लसी दुर्बल केलेल्या पण जिवंत विषाणूंपासून बनलेल्या आहेत, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला जिवंत लस देत नाहीत. २०२४ साली आयसीएमआरच्या सहभागाने जिची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली ती भारतीय लसही याच जातीची आहे. ती यशस्वी झाली तर तिचा लाभ यांना अप्रत्यक्ष मिळेल, आजूबाजूची माणसे कमी आजारी पडतील म्हणून.

रक्त आणि अवयवांतून होणाऱ्या लागणीचा उल्लेख सुरुवातीला आला. हाँगकाँगमध्ये २००२ साली आणि सिंगापूरमध्ये २००७ साली रक्त चढवण्यातून डेंग्यू झाल्याच्या नोंदी आहेत. प्रत्यारोपित मूत्रपिंडातून झाल्याचीही सिंगापूरची नोंद आहे. आपल्या रक्तपेढ्यांत एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि मलेरिया यांची तपासणी सक्तीची आहे, डेंग्यूची नाही. याचा अर्थ रुग्णाने रक्त नाकारावे असा मुळीच नाही, गरज असताना रक्त न घेणे कितीतरी पटींनी घातक आहे. जबाबदारी दात्याची आहे. डेंग्यू होऊन गेला असेल तर बरे झाल्यावर सहा महिने रक्त देऊ नये, आणि रक्त दिल्यानंतर दोन-चार दिवसांत ताप आला तर रक्तपेढीला फोन करून कळवावे. तो एक फोन कोणाच्या तरी आयुष्याचा असतो.

उरतो डास. एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी मावळतीपूर्वी सर्वांत जास्त. आपण मच्छरदाणी रात्री लावतो आणि सकाळी गुंडाळून ठेवतो. केमो घेऊन आलेला माणूस मात्र दिवसभर पलंगावर पडून असतो. त्याच्याभोवती मच्छरदाणी दिवसाही हवी. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे, उघड्या अंगाला डासरोधक मलम, खिडक्यांना जाळ्या. घरात फ्रिजमागचा ट्रे, कुलर, मनी प्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे झाकण निसटलेले पिंप. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यामागचे गणित एवढेच आहे. ते घरातल्या धडधाकट माणसांनी करायचे आहे, रुग्णाने नाही.

ज्यांना घरच नाही त्यांचे काय? मुंबईत परळला टाटा रुग्णालयात उपचारांसाठी विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेली कुटुंबे महिनोन्महिने राहतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळतो. ज्यांना तोही मिळत नाही ते फुटपाथवर ताडपत्रीखाली दिवस काढतात, भर पावसाळ्यात, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन. डेंग्यूचा हंगाम आणि गणेशोत्सव आपल्याकडे एकाच वेळी येतात. मंडळे त्या दहा दिवसांत रक्तदान शिबिरे भरवतात, फळे वाटतात, आरोग्य तपासण्या घेतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: यंदाच्या वर्गणीतून रुग्णालयांभोवती राहणाऱ्या या कुटुंबांसाठी मच्छरदाण्या आणि डासरोधक मलमे घ्या, आणि जवळच्या धर्मशाळेच्या गच्चीवरच्या टाक्या, पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करण्याची जबाबदारी नोव्हेंबरअखेरपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांवर सोपवा.